आरोग्य विम्याची दाद : खर्च कोणाचा, हक्क कोणाचा?

(मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंब्याच्या मोहोरावरील कीड, नारळाला द्यावयाची खते, सुपारीची गळ हे आपल्या मेळाव्यांचे नेहमीचे विषय. आज मी आरोग्य विम्यावर बोलणार आहे. कलमांची निगा राखून चार वर्षांत गाठीला बांधलेला पैसा घरातील एका शस्त्रक्रियेत संपतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून अलीकडे पुष्कळ बागायतदार कुटुंबे स्वतः हप्ता भरून आरोग्य विमा घेऊ लागली आहेत. हप्ता भरणे सोपे आहे. अडचण येते ती दावा नामंजूर झाल्यावर.

समजा, एखाद्या बागायतदाराचे रुग्णालयाचे बिल १ लाख २० हजार रुपये झाले. कंपनीने ७० हजार दिले आणि उरलेल्या रकमेसाठी 'आजार पूर्वीपासून होता' असे कळविले. पत्र इंग्रजीत आहे, कलमांचे नुसते क्रमांक दिले आहेत. पॉलिसी विकणारा एजंट फोन उचलत नाही. आता जावे कोठे?

फळपीक विम्याची तक्रार असेल तर आपण तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. दावा मंजूर होवो न होवो, निदान कोणाला विचारावयाचे हे ठाऊक असते. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आणि १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करता येते. जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परंतु ज्याने स्वतःच्या पैशाने विमा घेतला, त्याला मदत करणारा माणूस तालुक्याच्या गावी नाही.

कार्यालय मात्र आहे. त्याचे नाव विमा लोकपाल. केंद्र शासनाने १९९८ मध्ये नियम करून ही व्यवस्था सुरू केली आणि २०१७ मध्ये नवे नियम केले. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. या कार्यालयाची पद्धत प्रत्येकाने ध्यानात ठेवावी :

१) प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी.

२) एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर लोकपालाकडे अर्ज करावा. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज गेला पाहिजे.

३) अर्जाला फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत तक्रार चालतच नाही.

४) लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंत भरपाईचा निवाडा देऊ शकतो. २०२३ पूर्वी ही मर्यादा ३० लाख होती.

५) निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो.

आता मुख्य मुद्दा. फी नाही, मग या कार्यालयाचा खर्च कोण करते? पुष्कळांना वाटते की सरकार करते, म्हणजे ही एक सवलत आहे. तसे नाही. नियमांनुसार कार्यालयाचा व कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च विमा कंपन्यांनी आपसांत वाटून उचलायचा असतो. कंपन्यांकडे पैसा येतो तो आपल्या हप्त्यातून. बाजार समितीचा खर्च जसा सेसमधून भागतो, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा लोकपालाकडे जाणारा शेतकरी कोणाकडे हात पसरत नाही. ज्या सेवेचे पैसे त्याने आधीच भरले आहेत, ती सेवा तो मागतो.

ही पद्धत योग्य आहे का? पैसे कंपनीचे म्हणजे निकालही कंपनीचा, अशी शंका कोणालाही येईल. येथे मापाड्याचा दाखला पुरेसा आहे. तोलाई कोणाच्या खात्यात पडते हा एक प्रश्न, आणि काटा कोणाच्या ताब्यात आहे हा दुसरा. पैसे कंपन्यांकडून सक्तीने घ्यावेत, पण नेमणूक, बदली व अंदाजपत्रक यांत त्यांचा हात नसावा. एवढे पाळले तर ही पद्धत शासकीय अनुदानापेक्षा टिकाऊ ठरते.

अनुदान दरवर्षी मागावे लागते आणि एखाद्या वर्षी ते आटते. अमेरिकेत हे घडले आहे. तेथे २०१० च्या आरोग्य कायद्याने विमाग्राहकांना मदत करणाऱ्या राज्य पातळीवरील केंद्रांसाठी ३ कोटी डॉलर दिले. पुढे अशी नियमित तरतूद राहिली नाही आणि काही राज्यांतील केंद्रे बंद पडली. कनेक्टिकट राज्यात १९९९ मध्ये स्थापन झालेले असेच कार्यालय मात्र चालू राहिले, कारण त्याचा खर्च विमा कंपन्यांवरील आकारणीतून होतो.

आपल्याकडील उणीव वेगळी आहे. निवाडा देणाऱ्याचा खर्च भागतो, परंतु अर्ज लिहून देणाऱ्याचा खर्च कोणीच करीत नाही. आता ऑनलाइन अर्ज करता येतो आणि दूरचित्र सुनावणीचीही सोय आहे. तरीही कागद वाचून 'तुमचा दावा खरा आहे' किंवा 'येथे कंपनीचे बरोबर आहे' असे सांगणारा जाणकार गावाजवळ लागतोच. तो नसल्यामुळे खरे दावेसुद्धा घरच्या ट्रंकेत पडून राहतात आणि वर्षाची मुदत निघून जाते.

तालुक्याला माणूस ठेवणे अशक्य नाही. शेतकरी अपघात विमा योजनेचा अनुभव पाहा. माडावरून पडून, सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने शेतकरी गेला तर २ लाख रुपये मिळावयाचे. पण कंपन्या किरकोळ त्रुटी काढून दावे नाकारीत. शेवटी राज्य शासनाने २०२३ मध्ये कंपनीला बाजूला काढून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू केली. आता अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. आरोग्य विम्यात कंपनीला बाजूला काढता येणार नाही, पण शेतकऱ्याच्या बाजूने कागद पाहणारा कर्मचारी तालुक्याला नेमता येईल.

पैशाचा हिशेब मांडू. २०२३-२४ मध्ये देशात आरोग्य विम्याचा हप्ता १ लाख कोटी रुपयांहून अधिक जमा झाला. त्यावर शेकडा फक्त १० पैसे बाजूला काढले तरी वर्षाला १०० कोटी रुपये होतात. २० हजार हप्ता भरणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला २० रुपये येतात. ही रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, तिचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि तिच्यातून तालुकावार मदत कक्ष चालवावेत, अशी माझी सूचना आहे.

थोड्या थोड्या पैशातून मोठे काम उभे राहते, हे मुरुडकरांना मी सांगण्याची गरज नाही. याच गावात वाढलेल्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईतील मुरुडकरांकडून वर्गण्या जमवून गावाच्या सार्वजनिक कामांसाठी 'मुरुड फंड' उभा केला होता. तो स्वखुशीचा होता. येथे तर पैसा आपण भरतोच आहोत, त्यातील वाटा मागून घ्यावयाचा आहे.

तोपर्यंत काय करावे? पॉलिसी घेताना जुना आजार लपवू नये. एजंटाने अर्ज भरला तरी वाचल्याशिवाय सही करू नये. पॉलिसीची माहिती देणारे पत्रक मराठीत मागावे, तसे मागण्याचा हक्क आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. रुग्णालयाचे सर्व कागद, नकाराचे पत्र व पोच एका फाइलीत ठेवावीत. नकार तोंडी घेऊ नये, लेखी मागावा. अडल्यास विमा नियामकाच्या १५५२५५ किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारावे.

आणि एक काम गावाने करावे. तालुक्याला आरोग्य विमा मदत कक्ष हवा आणि त्याचा खर्च कंपन्यांवरील आकारणीतून व्हावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा व त्याची प्रत आमदार-खासदारांना द्यावी. दहा गावांचे असे ठराव गेले तर त्याची दखल घ्यावी लागेल.