अफवा, शिपाई आणि मतदार



आपल्या धाराशिव जिल्ह्यात खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम सर्वांस ठाऊक आहेत. निवडणूक जवळ आली म्हणजे त्यांत तिसऱ्या हंगामाची भर पडते. तो वार्तांचा हंगाम होय. पारावर, चहाच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर बातम्यांचे अमाप पीक येते. त्यांतील दाणा किती व भूस किती, हे पाखडून पाहण्याचे कष्ट मात्र थोडेच लोक घेतात. खोट्या बातमीने चार घटका करमणूक होऊन ती विरून जात असती, तर तिच्याविषयी आपला वेळ घेण्याचे मला प्रयोजन नव्हते. परंतु अफवा माणसाचा जीव घेते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात पाच परके इसम दिसले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर निर्वाह करणारे, आणि त्यांपैकी बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी आवई त्या भागात आधीच उठली होती. जमावाने चौकशीची वाट पाहिली नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या पाचही जणांना मरेपर्यंत मारण्यात आले. सात आरोपींना जन्मठेप झाली ती २०२४ साली. न्याय मिळण्यास साडेपाच वर्षे लागली. अफवेला एक दुपार पुरली.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसे. वस्तुतः ती कराची येथे पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती, आणि शेवटी मूल परत आणून सोडले जाते. तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता. अर्धे सत्य हे पूर्ण असत्याहून अधिक घातक कसे ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता कोणी विचारील की, याचा निवडणुकीशी आणि पोलिसांशी संबंध काय? एक लहानसा प्रसंग सांगतो. शिक्षक या नात्याने मतदान केंद्रावर काम करण्याचे योग मला अनेकदा आले. केंद्राध्यक्षाने बोलावल्यावाचून दारातील शिपाई आत पाऊल टाकीत नाही, हा तेथील नियम. एका निवडणुकीत दुपारी रांगेत कुजबुज सुरू झाली की, शेजारच्या गावी यंत्रात कोणतेही बटण दाबले तरी मत एकालाच जाते. रांग विस्कटू लागली. शिपायाने तेथील केंद्रावर विचारणा केली आणि मोठ्याने सांगितले, "तसे काही नाही, मतदान सुरळीत चालू आहे." लोक मुकाट्याने रांगेत परतले. त्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण त्या दिवशी तो कोणत्याच पुढाऱ्याचा नव्हता.

हे केवळ भावनेने होत नाही. तसा कायदाच आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये निवडणुकीच्या कामी नेमलेले पोलिस अधिसूचनेपासून निकालापर्यंत निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी आयोगाने राज्याच्या पोलिस महासंचालकांनाच पदावरून दूर केले. निवडणूक आटोपताच त्या पुन्हा त्याच पदावर आल्या. ती बदली योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करीत नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, निःपक्षपाती पोलिस काही आठवड्यांपुरताच आवश्यक आहे काय?

आमच्या वडीलधाऱ्यांनी निजामी अमलातील पोलिस पाहिला होता. त्याचा हुकूम वरून येई आणि प्रजेला त्याचा जाब विचारण्याची सोय नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. परंतु सत्ताधाऱ्याच्या मुखाकडे पाहण्याची सवय इतक्या सहजी सुटत नाही. म्हणूनच माजी पोलिस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. पोलिसप्रमुखांना व ठाणेदारांना किमान दोन वर्षांची मुदत असावी, तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे, बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ असावे आणि नागरिकांच्या गाऱ्हाण्यांसाठी तक्रार प्राधिकरण असावे, असे त्यांचे सार होय. पोलिसास पुढाऱ्यापासून मोकळे केले तर तो स्वतःच शिरजोर होईल, अशी शंका रास्त आहे. तक्रार प्राधिकरण हे तिचेच उत्तर. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलिस कायद्यात दुरुस्ती केली. तथापि कायद्यातील अक्षर ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले की नाही, हे उमेदवारास विचारण्याचा हक्क मतदारास आहे. मत मागण्यास येणाऱ्याला रस्ता व पाणी यांविषयी आपण विचारतो, ठाण्याविषयीही विचारावे.

आपल्याकडे उरते ते काम याहून सोपे आहे. आलेली वार्ता पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न करावेत: हे कोणी पाहिले? केव्हा? कोठे? उत्तर न मिळाल्यास ती वार्ता आपल्यापाशीच थांबवावी. संशय आलाच तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. परक्या माणसाचा न्याय चव्हाट्यावर करू नये. ज्या गावात पोलिसाच्या शब्दाला वजन आणि नागरिकाच्या जिभेला लगाम आहे, त्या गावी भिक्षेकरी निर्धास्त फिरेल आणि मतदारही.