गारगोटी कुणाची?



उन्हाळा लागला की लातूर-नांदेडच्या शिवारात यारीचा आवाज घुमू लागतो. विहिरींची खोदाई सुरू होते. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण, मध्येच भोकाभोकाचा मांजऱ्या खडक. काठावर घरची माणसं पाण्याची वाट पाहत बसलेली असतात आणि वर येतात ते दगड. त्यातला एखादा फुटतो आणि पोटात पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चमकतात. पोरं धावतात. म्हातारं माणूस म्हणतं, "गारगोटी हाय, टाक तिकडं."

ही गारगोटी आली कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढं खनिजं विरघळलेलं पाणी त्यात झिरपलं आणि सावकाश स्फटिक धरले. हा थर किती जाड? किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला. त्यानंतर तिथं संशोधनासाठी खोल भोक घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर पाषाण ओलांडल्यावर खालचा जुना खडक लागला. देगलूर, किनवटकडं मात्र ग्रॅनाइट वरच भेटतो.

पुष्कळांना वाटतं, पिवळं चमकलं की सोनं. तसा चमकणारा पायराइट शेलच्या थरांत, कोळशात सापडतो. आपल्या पाषाणात त्याची आशा धरण्यात अर्थ नाही. आपलं धन म्हणजे अकीक, स्फटिक आणि झिओलाइट. झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलं. त्याचा अर्थ उकळणारा दगड. तापवला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे पाण्यासाठी खोदणाऱ्याच्या हाती येतो तो पाणी पोटात धरून बसलेला दगड. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं. त्यांना यातली थट्टा समजावून सांगायला नको.

या दगडांना किंमत आहे, हेही नवं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणहून गोमेदासारखे दगड भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. त्याच ओळींत तगर, म्हणजे लातूरशेजारचं तेर, कापडासाठी येतं. आमच्याकडं उरुसाच्या दुकानांत आजही अकीकच्या अंगठ्या मांडलेल्या दिसतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरीतलं हिरवं अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच उभं आहे.

मग प्रश्न येतो, गारगोटी कुणाची? सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं. दगड फोडला खोदणाऱ्यानं, तोही सुरुंगाच्या धुरात जीव धोक्यात घालून. ओळखला संग्राहकानं. कायदा मात्र तिघांनाही थांबवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ सांगतं की खनिज जमिनीवर असो वा जमिनीखाली, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. पूर्वी कुणाला दिलेले हक्क तेवढे वगळले आहेत. सातबारा माती देतो, मातीखालचं खनिज देत नाही.

पण कायद्याच्या अलीकडं माणुसकीचाही एक बांध असतो. दुसऱ्याच्या रानात दगड वेचायला जाणाऱ्यानं आधी बांधावर उभं राहून हाक द्यावी. "मालक, बघू का?" एवढंच. उभ्या पिकातून जाऊ नये. चालू विहिरीत उतरू नये. सैल दरडीला कुणाची ओळख नसते. आणि दगडाचं मोल माहीत असताना, कर्ज काढून कोरडी विहीर खोदलेल्या माणसाला चहापाण्याचे पैसे देऊन तो उचलू नये. समोरच्याला ठाऊक नाही, म्हणून आपला नफा वाढतो, त्याला व्यवहार कसं म्हणायचं?

शेतकरी बंधूंनाही एक विनंती. असा दगड निघाला तर फोडू नका. चिठ्ठीवर गावाचं नाव, विहिरीची खोली आणि साल लिहून ठेवा. पत्ता हरवलेला स्फटिक शोभेची वस्तू होतो. पत्ता असलेला स्फटिक आपल्या भुईचा इतिहास सांगतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. तिथं विचारायला लाजू नका. विकायचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करा.

आपल्याकडं 'दगड' ही शिवी आहे. शाळेत कच्च्या पोराला सर्रास दगड म्हणतात. त्या गुरुजींनी एकदा वर्गात फुटलेली गारगोटी आणावी आणि पोरांच्या हातोहात फिरवावी. बाहेरून खडबडीत दिसणाऱ्याच्या पोटात काय दडलेलं असतं, हे मग वेगळं शिकवावं लागणार नाही.