मनाचा आजार आणि पागलखान्याचे भय
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. गिरणीत पाळीने काम करणारा माणूस आहे. शाळा दहावीपर्यंतच झाली. बाकी जे कळले ते वाचनालयात बसून आणि वस्तीतल्या लोकांसोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहून.

आपल्या नागपुरात मानकापूरकडे पागलखाना चौक आहे. ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ सांगितले तर तो विचारात पडतो. ‘पागलखाना’ म्हटले की गाडी सुरू करतो. हे रुग्णालय १८६४ सालचे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी यांच्या जोडीचे. एवढी जुनी संस्था, पण आपण तिच्या नावाचा उपयोग केला तो लेकरांना भेव दाखवायला आणि भांडणात शिवी द्यायला. त्यामुळे जो माणूस रात्र रात्र झोपत नाही, ज्या बाईला स्वयंपाकाला उठवत नाही, ते म्हणतात, “मी का पागल आहो का?” आणि घरीच बसतात.

खरे म्हणजे तिथे भरतीच व्हावे लागते असे नाही. बाह्यरुग्ण विभाग आहे. चिठ्ठी काढायची, डॉक्टरला दाखवायचे, गोळ्या घेऊन घरी यायचे. आपल्या मेडिकलमध्येही मानसोपचार विभाग आहे. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. शंभर प्रौढांमागे साधारण दहा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार निघाला. उदासीनता, चिंता यांसारखे जे नेहमीचे आजार, त्यातल्या शंभरापैकी ऐंशीहून जास्त लोकांना इलाजच मिळालेला नव्हता. म्हणजे ही आपल्या गल्लीतलीच गोष्ट आहे.

माझ्यासोबत रातपाळीला एक गडी होता. अचानक छाती धडधडायची, हातपाय गार, दम कोंडायचा, आता मरतोच असे वाटायचे. तीनदा पट्टी काढली, तिन्हीदा हृदय चांगले. शेवटी डॉक्टरने मानसोपचारवाल्याकडे चिठ्ठी दिली, तर हा भडकला. “मले पागल समजते का तो?” चार महिने ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरला. गेला तेव्हा कळले की त्याला चिंतेचे झटके येत होते. इलाजाने आराम पडला. छातीत दुखले की आधी हृदयच तपासायचे, त्यात हयगय नको. पण तपासणी चांगली निघाली म्हणजे माणूस नाटक करतो, असा अर्थ काढू नका. त्याचा त्रास खरा असतो.

उदासीनतेचा आजार, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, तो तर आणखी लपून राहतो. दुःख सर्वांना होते. कोणी वारले, नोकरी गेली, तर माणूस रडणारच. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर मन उतरलेले, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, हातून काम होत नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असे वाटते, मरणाचे विचार येतात, तर ते आजाराचे लक्षण समजावे. आपल्या बायाबापड्या मन उदास आहे असे सांगत नाहीत. डोके दुखते, अंग जळते, कमजोरी आहे, असेच सांगतात, आणि आपण त्यांना सलाईन लावून आणतो. बाळंतीण बाई सारखी रडते, लेकराकडे पाहत नाही, तर तिला ‘नखरे’ म्हणू नका. बाळंतपणानंतरही हा आजार होतो.

गोळ्यांबद्दल गैरसमज फार. उदासीनतेची गोळी म्हणजे झोपेची गोळी नव्हे. ती दारूसारखी चटक लावत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. लोक आठ दिवसांत म्हणतात, “काहीच फरक नाही,” आणि सोडतात. दुसरे, बरे वाटले की सोडतात. बरे वाटल्यावरही कित्येक महिने घ्यावी लागते आणि डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करावी लागते.

आता आपल्याच लोकांना थोडे बोलतो, राग मानू नका. “मन खंबीर कर, ध्यानाला बस” हा सल्ला आपण फार लवकर देतो. ध्यान चांगलेच. पण विपश्यनेच्या शिबिरात नाव नोंदवतानाच मानसिक आजार आहे का म्हणून विचारतात, आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिरात न बसण्याचा सल्ला देतात. शिबिर हा औषधाचा पर्याय नाही, हे त्यांनाही मान्य आहे. पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा साप चावून गेला, दोन्ही लेकरे गेली, आईबाप-भाऊ घर कोसळून गेले. तिला अंगावरच्या वस्त्राचेही भान उरले नाही. लोक तिला हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, एकाने अंगावर वस्त्र टाकले, मग बोलणे झाले. मला तो वस्त्र टाकणारा माणूस फार आवडतो. त्याचे नावही कोणाला माहीत नाही.

आणि तरी काही घरांतून अजून बाबाकडे जाणे सुटले नाही. अंगात आले म्हणून साखळीने बांधतात, मिरचीची धुरी देतात. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळदंड घालायला मनाई केली आणि सरकारी इलाज हा त्याचा हक्क ठरवला.

दारूचे एकच सांगतो. झोप येत नाही म्हणून पिणाऱ्याची उदासी दारूने वाढते. पण जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतते. दवाखान्यात नेऊनच सोडवा.

कोणी मरणाची भाषा बोलला तर सरळ विचारा, “जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येते का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, घरातले फवारणीचे औषध, जास्तीच्या गोळ्या दूर ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-बेरात्री फुकट लागतो, मराठीतही बोलतात. नंबर विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे.

ज्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो त्यांनी रविवारी वंदनेनंतर मला भेटावे. रातपाळी असली की सकाळी मी मोकळा असतो, सोबत येतो. चिठ्ठीच्या खिडकीवर लवकर गेलेले बरे. जयभीम.