वात, बेशुद्धी आणि मेंदूची रेघ



कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने मेंदूवर का बोलावे, असे काहींना वाटेल. डॉक्टरी सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या परभणी जिल्ह्यात म्हातारे माणूस तापात बरळू लागले की 'वात झाला' म्हणतात, आणि त्यापुढे एक पायरी गेले की 'बाहेरचे लागले' म्हणतात. मग अंगारा, मग देवऋषी. दवाखाना शेवटी. या उशिरात माणसे जातात, म्हणून हा विषय घेतला.

जर्मनीतील येना येथील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. त्या तपासणीला ईईजी म्हणतात. डोक्याच्या कातडीवर वीस-एकवीस ठिकाणी लेप लावून छोट्या चकत्या चिकटवतात. ही वीज साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा हिस्सा. यंत्र ती मोठी करून रेघ काढते. डोक्यात वीज सोडली जात नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण खेड्यात याला 'शॉक' समजून नातेवाईक रुग्णाला उठवून नेतात.

जागा माणूस शांतपणे डोळे मिटून पडला की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ लाटा येतात. त्यांना अल्फा म्हणतात. आपण ज्याला वात म्हणतो आणि डॉक्टर डिलिरियम म्हणतात, त्यात ही लय बिघडते. लाटा संथ होतात, सेकंदाला सात, पाच, कधी तीन. अमेरिकेतील एंगेल आणि रोमानो या दोन डॉक्टरांनी १९४०च्या दशकात दाखवले की भ्रम जितका गडद तितकी रेघ संथ, आणि मूळ आजार हटला की रेघही सुधारते. म्हणजे हा शरीराच्या आजाराने मेंदूवर आलेला ताण आहे. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे, आपल्याकडच्या मे महिन्यातला उष्माघात, एवढ्यानेही तो येतो. दारू एकदम तुटल्यावर होणाऱ्या भ्रमात मात्र रेघ संथ न होता जलद दिसते.

ओरडणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा कोणाच्याच येत नाही. 'आजोबा झोपून आहेत, आराम पडला' असे आपण म्हणतो आणि आजोबा भ्रमात असतात. कधी तर अंगाला झटका दिसत नाही, पण मेंदूत फिट चालूच असते. ती ईईजीशिवाय खात्रीने कळत नाही. अर्थात कारण कोणते हे रेघ बहुधा सांगत नाही. त्यासाठी रक्त-लघवी तपासावी लागते, आणि ईईजीची सोय जवळ नाही म्हणून ते उपचार थांबवायचे नसतात.

आता मण्यारीची गोष्ट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. तिचे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. पापणी उचलत नाही, हात हलत नाही, श्वास थांबतो, कधी बुबुळही उजेडाला दाद देत नाही. पाहणाऱ्याला वाटते, संपले. पण मेंदू शाबूत असू शकतो. भारतातील डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. अशा वेळी ईईजीत जागेपणाच्या लाटा सापडू शकतात, आणि कृत्रिम श्वासावर ठेवले तर माणूस उठून घरी जातो. उशाशी बसून आपण अंत्यविधीची भाषा करतो तेव्हा तो ऐकत असू शकतो.

याहून अवघड प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष अत्याचार झाला, गळा साखळीने आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला आणि त्यांचे अन्न बंद करण्याची मागणी फेटाळली. समितीच्या मते ही कायमस्वरूपी जाणीवशून्य अवस्था होती. परिचारिका म्हणत, तिला आवडनिवड कळते. माझा कल परिचारिकांकडे आहे, पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

तसा पुरावा शोधण्याची रीत नंतर पुढे गेली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१९ साली १०४ निपचित रुग्णांच्या कानात 'उजवा हात उघडा, मिटा' अशी सूचना देऊन ईईजी घेतला. हात कोणाचाच हलला नाही, पण १६ जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याची खूण रेघेत उमटली. वर्षभराने त्यांतले ७ जण दिवसातले आठ तास तरी स्वतःचे स्वतः राहू शकत होते. २०२४ साली अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून ईईजी आणि एमआरआय वापरून पाहिले. २४१ निपचित रुग्णांत ६० जणांनी दाद दिली. त्याच अभ्यासात, प्रत्यक्ष सूचना पाळणाऱ्या ११२ रुग्णांपैकी यंत्राने जेमतेम ३८ टक्केच पकडले. म्हणजे यंत्र 'आहे' म्हणाले तर मानावे, 'नाही' म्हणाले तर लगेच मानू नये.

माझ्या टेबलाशी हा विषय रोजचा आहे. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिली आहे, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. पण ती सोय शुद्धीत असलेल्या माणसासाठी आहे. बेशुद्ध वडिलांचा अंगठा शाईत बुडवून उमटवला तर ती संमती होत नाही. दीर्घ बेशुद्धीतील माणसाचा पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तिथे डॉक्टरांचा अहवाल मागतात. घरात असा रुग्ण असेल तर ईईजीच्या कागदासह सगळे अहवाल एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा.