दुप्पट भावाचा आंबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी संस्कारांवर बोलते, कोणी आरोग्यावर. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मी आंब्याच्या भावावर बोलेन." त्या हसून म्हणाल्या, "अहो, भाव तर आपण रोजच करतो!" खरे आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण दहा मिनिटे घासाघीस करतो; परंतु घरच्या बागेचा सौदा ओसरीवर चालू झाला की चहाचे आधण ठेवायला आत जातो. एके वर्षी मीही अशीच आत गेले होते. तो चहा आमच्या घराला सतरा हजार दोनशे रुपयांना पडला. त्याची हकीकत आज सांगणार आहे.

आमची शेती अंबड तालुक्यातली. आपला जिल्हा मोसंबीचा; जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आमच्याकडेही मोसंबीच होती. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बागांप्रमाणे आमचीही बाग डोळ्यांदेखत वाळली. बांधापलीकडे २००९ साली लावलेली केशर आंब्याची शंभर रोपे तेवढी वाचली. तीही आमच्या आत्याबाईंनी कळशी-कळशी पाणी घातले म्हणून. केशर मूळचा जुनागडकडचा, परंतु मराठवाड्याच्या मातीत तो असा रुजला की आज मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन आहे आणि जालन्यात पणन मंडळाचे केशर आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे.

२०१८ साली बाग भरून आली. अंदाज चाळीस क्विंटलांचा निघाला. स्थानिक व्यापारी सरसकट पंचेचाळीस रुपये किलोने सगळा माल उचलायला तयार होता. तेवढ्यात परदेशी माल पाठवणाऱ्यांचा एक माणूस आला. त्याने नव्वद रुपये सांगितले. दुप्पट भाव! घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मी चहा आणला तेव्हा सौदा ठरून गेला होता. आत्याबाई मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाई, भाव विचारला, पण किती फळ घेणार ते विचारलं का कुणी?" त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मीसुद्धा नाही.

पुढे काय झाले ऐका. त्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या वरचे, एका मापाचे, देठासकट उतरवलेले, चिकाचा एकही ओघळ नसलेले फळ हवे होते. त्याने अकरा क्विंटल निवडले. राहिलेला माल "दोन दिवसांत बघतो, वहिनी" म्हणत आठ दिवस लांबवला. मृगाच्या तोंडावर पाऊस आला. पहिला पाऊस पडला की गिऱ्हाइकाचे आंब्यावरचे मन उडते आणि फळमाशीही वाढते. स्थानिक व्यापाऱ्याने आता बावीस रुपये सांगितले. त्याचा तरी काय दोष? आम्हीच त्याला परत पाठवला होता.

रात्री मी मुलीच्या वहीचे मधले पान फाडून हिशेब मांडला. अकरा क्विंटल नव्वदने, म्हणजे ९९,००० रुपये. एकोणतीस क्विंटल बावीसने, म्हणजे ६३,८०० रुपये. एकूण १,६२,८००. आणि सरसकट पंचेचाळीसने सगळे दिले असते तर १,८०,०००. दुप्पट भाव मिळूनही सतरा हजार दोनशेची खोट! मुलीची त्या वर्षीची शिकवणीची फी त्यातच गेली. तेव्हापासून मी परदेशी बाजाराची माहिती गोळा करू लागले. ती आपल्यापुढे ठेवते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आंबा आहे, मोसंबी आहे, डाळिंब आहे.

पहिली गोष्ट अशी की, परदेशचा बाजार हा एक बाजार नव्हे. दुबईकडच्या आखाती देशांचे नियम त्या मानाने सोपे; परंतु तिथे आपला मराठवाड्याचा केशर मेअखेर-जूनमध्ये पोचतो, नेमका पाकिस्तानच्या सिंधडी आंब्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा. कोकणचा हापूस मार्च-एप्रिलमध्ये पुढे गेलेला असतो, गुजरातचा केशर बरोबरीने येतो. म्हणजे आपण पंगतीला बसतो ती शेवटची. अशा वेळी भाव आपण सांगत नाही, समोरचा सांगतो.

युरोपचे तसे नाही. तिथे फळमाशीची भीती मोठी. आपल्याकडून गेलेल्या मालात माशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारताच्या आंब्याला दार लावले. ते २०१५ च्या आरंभी उघडले. ऐन हंगामात दार लागल्याने तो माल देशातच फिरला. एक अळी सापडली की ज्याच्या बागेत माशी नाही त्याचाही भाव पडतो, हे त्या वर्षी सगळ्यांना कळले. आता युरोपला जाणारा आंबा ४८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवतात. आपण डाळ शिजवताना घड्याळ पाहतो, त्याहून काटेकोर काम ते. पाणी थोडे जास्त तापले तर फळ उकडते, कमी तापले तर अळी जगते.

अमेरिकेने १९८९ पासून भारताचा आंबा बंद ठेवला होता. तो २००७ साली सुरू झाला, आणि त्याला नाशिक जिल्ह्यातले लासलगाव कारण झाले. तिथल्या केंद्रात फळांवर किरणांचा मारा करून कोयीतला भुंगा व माशीची अंडी निकामी करतात. फळात किरण शिल्लक राहत नाहीत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु ही प्रक्रिया अमेरिकेच्या निरीक्षकासमोर व्हावी लागते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि दोन्ही हंगाम बुडाले. २०२५ च्या मे महिन्यात तर आंब्याच्या पंधरा खेपा कागदपत्रांतील चुकीवरून अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मालाहून जड, म्हणून फळे तिथेच नष्ट करावी लागली. फळ चांगले, पण कागद चुकीचा!

दुसरी गोष्ट, तिथल्या दुकानातला भाव हा आपला भाव नव्हे. अमेरिकेत एक डझन केशर अमुक हजारांना गेला असे वाचले की आपल्या घरातली पुरुषमंडळी लगेच झाडे मोजू लागतात. परंतु तोडणी, निवड, प्रक्रिया, खोका, थंड गाडी, विमानभाडे, तिकडचा घाऊक व्यापारी, दुकानदार आणि वाटेत सडलेले फळ, एवढ्यांचे पोट भरून जे उरते ते आपले. विमानाचे भाडे किलोवर असते आणि त्यात खोक्याचेही वजन धरतात. शिवाय अमेरिकेच्या दारातच मेक्सिको आहे. त्याचा आंबा आपल्याच हंगामात ट्रकने स्वस्तात पोचतो, आणि तिकडचा हिवाळा पेरू व ब्राझील हे देश सांभाळतात. म्हणजे आपला आंबा तिथे विकतो तो चवीवर आणि आपल्या माणसांच्या आठवणीवर. ते गिऱ्हाईक हौशी खरे, पण मोजके.

आकडाच सांगते. २०२३-२४ या वर्षात आपल्या देशातून ३२,१०४ टन ताजा आंबा बाहेर गेला. त्याचे ४९५ कोटी रुपये आले. भागाकार करा, किलोला सुमारे १५४ रुपये पडतात. हा सगळ्या जातींचा, सगळ्या देशांचा मिळून सरासरी भाव, तोही शेतकऱ्याच्या हातात पडलेला नव्हे. आणि देशात आंबा पिकतो दोन कोटी टनांच्या वर. हजार आंब्यांतले दोनसुद्धा बाहेर जात नाहीत. उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव आपणच खातो! मग खरा बाजार कुठे आहे, ते आपणच ठरवा.

याचा अर्थ परदेशी पाठवूच नये असा मी काढलेला नाही. आम्ही २०२३ साली पुन्हा पाठवला, परंतु रीत बदलली. बागेची मँगोनेटवर नोंद आधीच केली. माझी एकच अट होती, सौद्याच्या वेळी मी वही घेऊन ओसरीवर बसणार. आमच्या ह्यांना आधी ते अवघड वाटले. आत्याबाई म्हणाल्या, "बसू दे रे तिला, मागच्या खेपेला आपण सगळे बसलो होतो, काय उजेड पाडला?" मग मीच तीन प्रश्न विचारले: किती फळ घेणार, कोणत्या तारखेला उचलणार, आणि नाकारलेले फळ कोणत्या दिवशी आमच्या हाती परत देणार? तिन्ही उत्तरे लिहून त्यावर सही घेतली.

त्या वर्षी माल अडतीस क्विंटल निघाला. तेरा क्विंटल बाहेर गेला बाण्णव रुपयांनी: १,१९,६००. नाकारलेले फळ त्याच संध्याकाळी घरी आले. जाऊबाईंनी आणि मी गवताची आढी घातली, आणि सतरा क्विंटल पिकवून जालना शहरात ओळखीपाळखीने साठ रुपयांनी विकला: १,०२,०००. त्यातल्या कितीतरी पेट्या आपणच घेतल्या, आठवत असेल! डागी आठ क्विंटल रसवाल्याला पंचवीसने दिला: २०,०००. आढी, खोके, गाडीभाडे असे बावीस हजार वजा जाता १,१९,६०० अधिक एक लाख, म्हणजे २,१९,६०० रुपये हाती राहिले. त्या दिवसांत सरसकटीचा भाव अठ्ठेचाळीस होता. त्याने १,८२,४०० आले असते. सदतीस हजार दोनशेचा फायदा झाला, आणि तो टिकला दुसऱ्या नंबरच्या फळालाही वेळेवर भाव मिळाला म्हणून.

भगिनींनो, फळ झाडावर असते तोवर ते आपले. देठ तुटला की ते तारखेचे. मोसंबी झाडावर थोडी थांबते, तोडल्यावर गोड होत नाही. आंबा तोडल्यावर पिकतो, पण थांबत नाही. म्हणून चांगला भाव म्हणजे मोठा आकडा नव्हे. सगळ्या मालाला, शेवटच्या डागी फळापर्यंत, वेळेवर मिळालेला भाव तो चांगला.

माझी सूचना लहानशी आहे. मंडळाने एक वही करावी. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ज्या घरी जे फळ निघेल, त्याचा त्या दिवशीचा बाजारभाव, कोणाला दिले, किती नाकारले, पैसे कधी मिळाले, हे तीत लिहावे. तीन वर्षांत आपल्यापाशी जी माहिती जमेल ती कोणत्याही वर्तमानपत्रात मिळणार नाही. ज्या भगिनींना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहीन. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी मोहोरावरच बाग विकावी लागते अशाही आपल्यात आहेत. त्यांना मी नावे ठेवत नाही, अडचण ही अडचणच असते. परंतु आपल्या बचतीतून अशा घराला दोन महिन्यांचा आधार देता आला, तर ती बाग मोहोरावर न जाता फळावर जाईल. याचा कार्यकारिणीने विचार करावा.

आत्याबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, परंतु पहिला योग्य प्रश्न त्यांनीच विचारला होता. यंदा बाग पुन्हा मोहोरली आहे. ओसरीवर माणसे येतील, चहा होईल. एवढीच विनंती, की आपापल्या घरी तो चहा या खेपेला दुसऱ्या कोणाला करू द्यावा आणि आपण वही घेऊन बाहेर बसावे.