शील आणि विज्ञान



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून मी एच.आय.व्ही.च्या विषयाकडे वळतो. हा विषय निघाला की माणसे माना खाली घालतात. कोणी म्हणतो, पंचशील पाळा, बाकी सांगायची गरज नाही. कोणी म्हणतो, धर्म बाजूला ठेवा, निरोध वापरा. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात.

तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आहे. ते पाळणारा स्वतःला व घराला जपतो. परंतु नवऱ्याने आजार लपविला, तर शील पाळणाऱ्या पत्नीलाही लागण होते. तिथे तिला वाचविते ती माहिती, तपासणी आणि निरोध. मग ही माहिती देणे अधर्म कसे?

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. पण समाजाच्या रोषाला भिऊन बाबासाहेब मागे हटले नाहीत. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्या आपण मुलांच्या प्रश्नांना का भ्यावे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहीना. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हाताने स्वच्छ केले. त्यात त्याचा दोष किती, याचा हिशोब केला नाही. आपण मात्र बाधिताचे ताट वेगळे करतो! सोबत जेवल्याने, हात मिळविल्याने किंवा डासामुळे हा विषाणू पसरत नाही.

मित्रांनो, सरकारी रुग्णालयात तपासणी व औषधे मोफत मिळतात. २००४ पासून ए.आर.टी. औषधे देण्यास सुरुवात झाली. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतले, तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. २०१७ च्या कायद्याने बाधिताला नोकरीत व शाळेत भेदभाव करण्यास मनाई आहे. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर विचारा.

लग्न ठरविताना आपण पत्रिका पाहणे सोडले. आता दोघांनीही आपखुशीने रक्त तपासून घेण्याची प्रथा पाडू या. शील स्वतःच्या वागण्यासाठी, विज्ञान सर्वांच्या रक्षणासाठी आणि करुणा बाधितांसाठी, एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!