बंदरावर अडलेली पेंड
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर चढला की आपण घरची वाट धरतो. पुढे जिनिंग, गाठी, बंदर. बंदरावर कस्टमचा अंमलदार उभा असतो, त्याचा आपल्या भावाशी काही संबंध असेल असे आपल्याला वाटत नाही. संबंध आहे, तेच आज सांगायचे आहे.

आयात-निर्यातीचा कर गोळा करणे हे कस्टमचे जुने काम. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना झाली. तिच्या बौद्धिक संपदेच्या कराराने दुसरेही काम लावले. दुसऱ्याचा ट्रेडमार्क चोरून लावलेला माल आयात होत असेल तर तो सरहद्दीवर अडवायचा. याला आपला विरोध नाही. नामांकित लेबलाचे बनावट औषध फवारले तर अळी मरत नाही, कर्ज मात्र उरते. तो डबा बंदरावरच अडला पाहिजे.

आपला प्रश्न पेटंटचा आहे. लेबल खोटे असेल तर डबा पाहून कळू शकते. पेटंटचा भंग झाला की नाही, हे पोते पाहून कळत नाही. तो न्यायालयाचा विषय.

अर्जेंटिनाचे उदाहरण घ्या. तणनाशक सोसणारे सोयाबीन तिथे १९९६ साली आले. त्या जनुकाचे पेटंट मोन्सॅन्टो कंपनीला अर्जेंटिनात नव्हते, युरोपात होते. शेतात हक्क सांगता येईना, म्हणून कंपनीने बंदर गाठले. २००५ आणि २००६ साली अर्जेंटिनाहून सोयाबीन पेंडीचा माल तीन वेळा अ‍ॅमस्टरडॅमला आला. तिन्ही वेळा कस्टमने तो अडवला. कंपनीने नमुने घेतल्यावर माल सुटला. नमुन्यांत जनुक सापडला आणि माल आणणाऱ्यांवर दावे लागले. अर्जेंटिनाचे सरकार कंपनीच्या विरोधात उभे राहिले.

६ जुलै २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : जनुक ज्या मालात आपले काम करतो, त्याच मालावर हक्क चालतो. पेंड म्हणजे मेलेला माल. तिला ना तण लागते, ना तणनाशक. कंपनी हरली. पण त्यात पाच वर्षे गेली. बंदरावर माल अडण्याची भीती असली की खरेदीदार त्या भीतीची किंमत कुठून कापतो? शेतकऱ्याच्या भावातून!

आपल्याकडे बीटी कापूस २००२ साली आला. सरकीत जनुक आहे, म्हणून उद्या सरकीच्या पेंडीवर कोणी हक्क सांगितला तर आपले उत्तर तयार हवे. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने बी विकता येत नाही. ज्वारीचे घरचे बी ही चोरी नव्हे. कस्टमच्या २००७ च्या नियमांत पेटंटही होते, ते २०१८ साली वगळले गेले. ते वगळलेलेच राहिले पाहिजे. कोणत्याही व्यापार करारात ते मागच्या दाराने परत येता कामा नये.

आम्ही तंत्रज्ञानाच्या आड येणारे नाही. चांगल्या बियाण्याची रास्त किंमत आम्ही पिशवीवर मोजू. पण ती एकदाच. तीच किंमत पुन्हा गाठीवर आणि पेंडीवर देणार नाही.

म्हणून मागण्या तीन. बनावट औषध-बियाणे सरहद्दीवर अडवा. पेटंटचे भांडण न्यायालयात सोडवा. आणि खोट्या तक्रारीवरून माल अडला, तर भरपाई तक्रार करणाऱ्याकडून वसूल करा. नाका सरकारचा आहे, तो कोणाच्याही वसुलीचा नाका होऊ देणार नाही.